टाचणीवरची दुसरी चिठ्ठी

सुचित्रा धकातेचं अक्षर तांदळाच्या दाण्यावर मावेल इतकं बारीक होतं, आणि अमेरिकेत तिचं जे काही नाव झालं ते या अक्षरामुळे. नागपूर विद्यापीठाची प्राणिशास्त्रातली एम.एस्सी. तिच्याकडे होती, पण ती डिग्री मिशिगनमधल्या नोव्हायच्या घरात कपाटात स्वेटरांखाली पडून होती. घरापासून तासाभराच्या ड्राइव्हवर एका विद्यापीठाचं संग्रहालय होतं आणि त्याच्या वरच्या मजल्यावर किड्यांची खोली होती. तिथे लाकडी खणांमधून टाचण्यांवर टोचलेले किडे ओळीने बसलेले, आणि प्रत्येक किड्याखाली त्याच टाचणीवर इवल्याशा चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर किडा कुठे, कधी, कुणाला सापडला ते. दुसरीवर किड्याचं नाव, आणि ते नाव कुणी ओळखून सांगितलं त्याचं नाव. या चिठ्ठ्या सुचित्रा लिहायची. आधी नुसती हौस म्हणून, मग अर्ध्या दिवसाची नोकरी म्हणून.

त्या खोलीचा एक नियम होता. टाचणीवर एकदा चढलेली चिठ्ठी कधीही काढायची नाही. कुणी नाव चुकवलं असेल तर ती चुकीची चिठ्ठी तशीच राहू द्यायची आणि तिच्याखाली नवी लावायची. कित्येक टाचण्यांवर अशा चार-चार चिठ्ठ्या होत्या, आणि केव्हाच मरून गेलेल्या बड्या बड्या प्रोफेसरांच्या चुका त्यांच्या नावानिशी तिथे लटकत होत्या. सुचित्राला हा नियम फार आवडायचा. काम संपलं की ती उगाच एखादा जुना खण ओढून कोण कुठे घसरलं ते वाचत बसायची.

ती मूळची भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावची. वडील, निखारेबुवा, कोशाच्या साड्या विणायचे. कोसा म्हणजे टसर, जंगलातल्या ऐनाच्या झाडांवर वाढणाऱ्या अळीचं रेशीम. जंगलात या अळ्या राखणारे ढिवर लोक कोसे टोपल्यांनी घेऊन यायचे आणि घरामागे सोड्याच्या पाण्यात ते उकळत असायचे. त्या वासाने नवख्या माणसाला मळमळायचं, सुचित्राला भूक लागायची. कोंबडीच्या अंड्याएवढा टणक कोसा, त्याला लांब देठ, आणि देठाच्या टोकाला फांदीभोवती घट्ट बसलेलं कडं. हे कडं अळी स्वतः विणते, कोसा वाऱ्यावादळात पडू नये म्हणून. पोरगी बोलायच्या आधी कोसा ओळखायला शिकली, असं निखारेबुवा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

दिगंबर धकाते गाड्यांच्या कंपनीत ब्रेकचं डिझाइन करायचा. त्याच्याशी लग्न होऊन ती मिशिगनला आली, दीपा झाली, आणि काही वर्षं थंडी, डायपर आणि डिशवॉशर यांतच गेली. एका जूनमध्ये गॅरेजच्या दिव्याखाली तिला तळहाताहून मोठा एक पतंग मरून पडलेला सापडला. तो आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात घालून ती चौकशी करत करत संग्रहालयात गेली. तिथल्या प्रमुख डॉ. क्लाइन या उंच, रुक्ष, अविवाहित बाई. त्यांनी डबा उघडून पाहिला आणि तिला विचारलं, "हा कुठल्या कुळातला आहे, सांगता येईल?" सुचित्रा म्हणाली, "आमच्या टसरच्या." क्लाइनबाई पहिल्यांदाच हसल्या आणि त्यांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली.

तेव्हापासून नोव्हायच्या मराठी मंडळींत सुचित्रा किडेवाल्या काकू झाली. हे नाव तिने मिरवलं, त्याला कारण होतं. मंडळाच्या कार्यक्रमांत पुण्या-मुंबईच्या बायका नाटकांबद्दल बोलायच्या, आणि तिने तोंड उघडलं की तिच्या "करून राहिली"वर कुणीतरी गोड हसायचं. पण कुणाच्या बॅकयार्डात काही विचित्र निघालं की मुलं जॅमची बाटली घेऊन धावत यायची ती तिच्याकडेच. "सुचित्राकाकू, व्हॉट इज धिस?" असं एखाद्या पोराने सगळ्यांदेखत विचारलं की तिच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. एवढी एक गोष्ट तिच्या एकटीची होती.

आणि मग वीणा खांबेटे आली.

वीणा पुण्याची, कमर्शियल आर्ट शिकलेली, सुचित्रापेक्षा दहाएक वर्षांनी लहान. नवरा रवी दिगंबरच्याच कंपनीत. नवी नवी असताना ती दिवसभर अपार्टमेंटमध्ये रडायची, कारण गाडी चालवता येत नव्हती आणि बर्फाची भीती वाटायची. दिगंबर म्हणाला, "तुझ्यासोबत नेत जा ना तिला, बिचारी वेडी होऊन राहिली घरात." आणि सुचित्रा तिला स्वतःच्या गाडीतून, स्वतःच्या हाताने, किड्यांच्या खोलीत घेऊन गेली. पुढे कितीतरी वेळा तिने त्या सकाळी गाडी पंक्चर झाली असती तर बरं झालं असतं असं मनातल्या मनात म्हटलं.

पहिल्याच दिवशी वीणाने पेन्सिल मागितली आणि एका भुंग्याचं चित्र काढलं. क्लाइनबाईंनी ते भिंगाखाली धरून पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "वीणा, तुला पाय मोजायला कुणी शिकवलं? बहुतेक चित्रकार पाय चुकवतात." वीणा. स्वच्छ, पूर्ण, दीर्घ ईकारासकट. सुचित्राला त्या इतकी वर्षं "सू" म्हणत होत्या, कारण सुचित्रा त्यांच्या जिभेवर बसत नव्हतं. आता कुणाचं नाव उच्चारायला सोपं असतं यात त्या माणसाचा काय गुन्हा? हे सुचित्राला कळत होतं आणि तरीही तिच्या पोटात दुखायला लागलं ते त्या दिवशी.

मग ते वाढतच गेलं. खिडकीजवळचं टेबल वीणाला मिळालं, कारण चित्राला उजेड लागतो. क्लाइनबाई दुपारचं सँडविच तिच्या टेबलाशी उभं राहून खायला लागल्या. मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुणीतरी म्हणालं, "वीणाने काढलेलं फुलपाखरू पाहिलंस? जिवंत वाटतं गं." सुचित्राने तिळगूळ घेतला, गोड बोलली आणि घरी येऊन भांडी आपटली. कडेलोट केला तो दीपाने. तिला शाळेच्या प्रोजेक्टसाठी एक टोळ ओळखून हवा होता, आणि ती बाटली घेऊन आईच्या समोरून निघाली फोनकडे.

"मी आहे ना इथे," सुचित्रा म्हणाली.

"आय नो, मॉम. बट वीणामावशी विल ड्रॉ इट फॉर मी."

दिगंबरने वर्तमानपत्राआडून विचारलं, "काहून एवढी चिडून राहिली तू? पोरीला चित्र पाहिजे."

"मी कुठे चिडली?" सुचित्रा म्हणाली आणि पोळी तव्यावर करपू दिली.

एकोणीसशे चौऱ्याऐंशीच्या मेमध्ये फिलिपाइन्सच्या दक्षिणेकडच्या एका लहानशा बेटावरून संग्रहालयाला एक खोकं आलं. तिथे शिकवायला गेलेल्या एका अमेरिकन पोराने जंगलातून गोळा केलेले जिवंत कोसे त्यात होते. क्लाइनबाईंनी एक उचलून सगळ्यांना दाखवला. टणक, पिवळसर, लांब देठाचा, आणि देठाच्या टोकाला कडं.

सुचित्राच्या घशात आवंढा आला. हजारो मैलांवरच्या खोक्यातून आंधळगाव बाहेर आलं होतं. "हा आमचा टसर," ती म्हणाली. "कुणीतरी हिंदुस्थानातून त्या बेटावर नेला असेल, जुन्या काळी. रेशमासाठी."

"खात्री आहे, सू?" क्लाइनबाईंनी विचारलं. "बेटांवर बऱ्याचदा त्या त्या बेटाची वेगळीच जात तयार होते. समुद्रामुळे बाकीच्यांशी संबंध तुटतो, आणि मग ती आपल्या वाटेने जाते. दिसायला भावंडासारखी, आतून परकी."

"मी याच्या वासात वाढले," सुचित्रा म्हणाली.

जूनमध्ये पतंग निघाले. विटकरी, पिवळे, चारही पंखांवर काचेच्या खिडकीसारखा एकेक पारदर्शक डोळा. टसरच्या डोळ्याहून या डोळ्याची कड आतल्या बाजूला जरा जाड आणि काळी होती. सुचित्रा म्हणाली, पतंगापतंगात एवढा फरक चालायचाच, घरच्या टसरमध्येही चालतो. ते खरंच होतं. जे पतंग मेले ते टाचण्यांवर गेले, आणि त्यांच्याखाली सुचित्राने बारीक काळ्या अक्षरात चिठ्ठ्या लिहिल्या. टसर. ओळखणारी: सुचित्रा धकाते, १९८४. इतकी वर्षं तिने दुसऱ्यांची नावं लिहिली होती. स्वतःचं नाव त्या चिठ्ठीवर लिहायची ही पहिली वेळ होती, आणि पहिल्या चिठ्ठीला तिचा हात इतका थरथरला की ती फाडून दुसरी लिहावी लागली.

क्लाइनबाईंनी अंडी दोघींत वाटून दिली. ओकच्या पाल्यावर अळ्या वाढवायच्या, निम्म्या सुचित्राने, निम्म्या वीणाने. हे वाटणं सुचित्राला अजिबात आवडलं नाही. टसरमधलं वीणाला काय कळतं, कोथरूडमध्ये कुठे होता टसर? पण वीणाने रोज सकाळी अळीचं चित्र काढलं. कात टाकली की नवं चित्र. जुलैत एक दिवस ती चित्रांची चळत घेऊन सुचित्राच्या टेबलाशी आली.

"सुचित्राताई, तुम्ही म्हणाला होतात ना, टसरच्या अळीच्या अंगावर बाजूला चकचकीत ठिपके असतात, आरशाचे तुकडे लावल्यासारखे. माझ्या एकीलाही नाहीत. माझं काही चुकतंय का?"

सुचित्राने चित्रं पाहिली. हिरव्या अळ्या, एकेक केस मोजून काढलेला, आणि बाजू कोऱ्या. लहानपणी ढिवरांच्या पोरांबरोबर ऐनाखाली उभं राहून त्या ठिपक्यांवर पडलेलं ऊन तिने पाहिलं होतं. आपल्या घरच्या पिंजऱ्यातही ते ऊन दिसत नाही, हे गेला आठवडाभर तिला ठाऊक होतं आणि ती त्याकडे पाहत नव्हती.

"शेवटच्या कातीनंतर येतात," ती म्हणाली. "तुला घाई फार."

शेवटच्या कातीनंतर ठिपके आले नाहीत. वीणाने पुन्हा विचारलं नाही, पण चित्रं क्लाइनबाईंच्या टेबलावर ठेवली. हे तिने सरळपणे केलं की मुद्दाम, यावर सुचित्राने ऑगस्टभर विचार केला. रात्री दिगंबर घोरत असताना ती वीणाच्या मनात काय असेल ते रचायची, आणि सकाळी त्याच वीणाला गाडीत घ्यायला जायची. वीणा गाडीत बसताना डब्यातून साबुदाण्याची खिचडी आणायची, "ताई, तुमच्यासाठी." खिचडी चांगली व्हायची. त्याचाही राग यायचा.

हिवाळ्यात क्लाइनबाईंनी विषय काढला. चिठ्ठीवरचं नाव बदलायचं की ठेवायचं? सुचित्रा तडकून म्हणाली, "खरे टसर मागवा. शेजारी शेजारी ठेवा. बघू." मागणी तिचीच होती. संग्रहालयाकडे परदेशातून जिवंत किडे आणायची परवानगी होती, त्यामुळे मार्चमध्ये हिंदुस्थानातल्या एका रेशीमकेंद्रातून टसरचे कोसे आले. बेटावरच्या कोशांची पुढची पिढी तयारच होती.

पतंगांच्या बाबतीत एक गोष्ट फार सोपी असते. या पतंगांना तोंडच नसतं म्हटलं तरी चालेल. ते खात नाहीत, पीत नाहीत, आठवडाभर जगतात आणि तेवढ्यात जोडी जमवायची असते. संध्याकाळ झाली की मादी एका जागी बसून पोटाच्या टोकातून वास सोडते. माणसाला तो येत नाही. नर पिसांसारख्या मिशा पसरून त्या वासाच्या मागावर येतो, आणि सहसा आपल्याच जातीच्या मादीकडे येतो. तेव्हा क्लाइनबाईंनी ठरवलं, खोलीत टसरची मादी जाळीच्या पिंजऱ्यात ठेवायची आणि बेटावरचे नर सोडायचे. आले तर तो टसर, सुचित्राची चिठ्ठी कायम. खोलीच्या खिडक्यांना काळे पडदे लावून, आठवडाभर दिवे रोज दुपारी हळूहळू मंद करून त्यांनी पतंगांना संध्याकाळ चारलाच व्हायची सवय लावली. आदल्या दिवशी टसरचे नर या मादीकडे सुतासारखे सरळ आले होते. मादी चांगली होती.

त्या जूनच्या दिवशी सुचित्राने कोशाची साडी काढली. तिच्या लग्नासाठी वडिलांनी स्वतः विणलेली, मधाच्या रंगाची. एरवी ती संग्रहालयात पँट-शर्ट घालून जायची.

"मॉम, यू आर ओव्हरड्रेस्ड फॉर बग्ज," दीपा म्हणाली.

"असू दे," सुचित्रा म्हणाली. क्लाइनबाईंनी नुसतं टसर टसर ऐकलं होतं, आता डोळ्यांनी बघू दे, असा तिचा विचार होता. निदान दीपाला सांगण्यापुरता.

वीणा आता गाडी शिकली होती आणि स्वतःची येणार होती. सुचित्रा तासभर आधी पोचली. क्लाइनबाई खाली मीटिंगमध्ये होत्या. परीक्षेच्या खोलीत टसरची मादी पिंजऱ्यात बसली होती, आणि बाजूच्या बंद खोलीत, वीणाच्या पिंजऱ्यात, बेटावरची मादी. दोन्हीकडे दिवे मंद झाले होते. दोघींत काय फरक तो डोळ्याच्या कडेचा, आणि तो अंधारात कुणाला दिसतो?

सुचित्रा बाजूच्या खोलीत गेली. वीणाच्या पिंजऱ्याची नाडी सोडली आणि बेटावरच्या मादीला अलगद पंखांना धरून पदराच्या घडीत घेतलं. मादी शांत बसली. पोटाचं टोक बाहेर काढून ती तिचं काम करायला लागली होती, आपण कुणाच्या पदरात बसलो याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. सुचित्रा तशीच टसरच्या पिंजऱ्याशी आली. एकीला काढायचं, दुसरीला ठेवायचं. नर येतील, चिठ्ठी राहील, आणि वीणा आपली चित्रं घेऊन खिडकीशी बसेल, गप्प. वीणाचा तो चेहरा तिला फार हवा होता.

तिने टसरच्या मादीला बाहेर काढलं आणि दोघींना पदरावर शेजारी ठेवलं.

आणि मग तिने पाहिलं. वर्षभर तिने या पतंगात फक्त टसर शोधला होता. आज टसरच शेजारी होता, त्यामुळे शोधायचं काही उरलं नव्हतं. डोळ्याची कड निराळी होती. पंखाच्या टोकाचा बाक निराळा होता. बसायची तऱ्हा निराळी होती. या दोघी एकमेकींच्या कुणीही नव्हत्या. बेटावरची ती तिथलीच होती, आंधळगावाशी तिचा काही संबंध नव्हता, आणि देठाचं कडं पाहून सुचित्राच्या घशात आलेला आवंढा सुचित्राचा होता, पतंगाचा नव्हता.

परक्या किड्याला टसरच्या जागी बसवून त्याला टसर म्हणायचं, ते तिच्याने होईना. वीणाचं तोंड बंद करायला ती बरंच काही करायला तयार होती, पण वडिलांची साडी अंगावर असताना हे नाही. तिने टसरची मादी टसरच्या पिंजऱ्यात ठेवली, दुसरीला तिच्या पिंजऱ्यात परत नेऊन नाडी बांधली, आणि हात साबणाने चांगले दोनदा धुतले. नर यायचे तर येतील, न यायचे तर न येतील. हरायचं तर सरळ हरू, असं म्हणून ती खुर्चीवर बसली.

चार वाजता क्लाइनबाई आल्या, वीणा ड्रॉइंग बोर्ड घेऊन आली. दार बंद केलं. क्लाइनबाईंनी नरांच्या डब्याचं झाकण उघडलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग एकाचे पंख थरथरायला लागले, मिशा पसरल्या, आणि तो उडाला. छताजवळ एक फेरी, टेबलावर एक फेरी, टसरच्या पिंजऱ्यावरून वीतभर उंचीवरून तो गेला आणि थांबला नाही. तो सरळ आला आणि सुचित्राच्या खांद्यावर बसला.

दुसरा आला तो पदरावर. तिसरा त्याच्या शेजारी. ते पदराच्या घडीत शिरायला पाहत होते, पोट वाकवत होते, सुताला चिकटत होते. पिंजऱ्यातली टसरची मादी तीन फुटांवर एकटी बसून होती. साबण हाताला लावला होता, पदराला नाही.

वीणाची नजर पदरावर गेली. तिथे मधाच्या रंगावर पंखांची विटकरी भुकटी लागली होती, एका बोटाच्या रुंदीएवढी. ती नजर तिथे थांबली, तिथून बाजूच्या खोलीच्या दाराकडे गेली आणि चटकन खाली वळली. मग वीणा क्लाइनबाईंना इंग्रजीत म्हणाली, अगदी सहज, "ताईंची साडी टसर सिल्कची आहे. म्हणून येत असतील. म्हणजे हा टसरच असेल, नाही का? आपल्याच रेशमाकडे आले."

क्लाइनबाईंनी भुवया उंचावल्या. "असं होऊ शकतं, सू? हे तुलाच माहीत असणार."

आता फक्त मान हलवायची होती. साडी खरी, टसर खरा, पतंग अंगावर बसलेले. चिठ्ठी राहिली असती, नाव राहिलं असतं, पदरावरच्या भुकटीचं कुणी नाव काढलं नसतं. सुचित्राने वीणाकडे पाहिलं. वीणा बोर्डावर डोळे लावून बसली होती, कान लाल झालेले. तिला सगळं कळलं होतं. कळूनही ती ताईंना झाकत होती, दर सकाळी गाडीत खिचडीचा डबा पुढे करायची तसंच. आता जन्मभर आपण हिचं देणं लागणार, आणि ही ते कधी बोलूनसुद्धा दाखवणार नाही. सुचित्राच्या अंगाचा तिळपापड झाला. हरणं एक वेळ परवडलं असतं, हे परवडणार नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "कोसा सोड्याच्या पाण्यात उकळतात. त्या सुतात कुठल्याही मादीचा वास राहत नाही. हे मला माहीत आहे. हिला नाही."

"मग?"

"मघाशी मी बेटावरच्या मादीला पदरात घेतलं होतं."

"कशासाठी?"

"टसरच्या पिंजऱ्यात ठेवण्यासाठी."

क्लाइनबाई पिंजऱ्याकडे वाकल्या. "ठेवलीस?"

"नाही. आतली टसरच आहे. बघा ना, डोळ्याची कड."

क्लाइनबाईंनी टॉर्चच्या उजेडात भिंगातून बराच वेळ पाहिलं. मग त्या सरळ उभ्या राहिल्या. "म्हणजे समोर टसरची मादी असताना तिला सोडून हे फक्त कापडावरच्या वासाकडे गेले."

"हो."

"असा पुरावा मी ठरवूनसुद्धा मांडला नसता," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात दया नव्हती, रागही फारसा नव्हता. "मग हा टसर नाही."

"नाही. जुलैपासून नाही. हिच्या चित्रांत दिसतंय ते."

पतंग पदरावरून काढायला वीणानेच मदत केली. एकेकाला बोटावर घेताना ती हळू आवाजात मराठीत म्हणाली, "ताई, मी सांभाळून घेतलं होतं. गप्प बसायचं ना तुम्ही."

"तुझे उपकार नको होते मला."

वीणाने शेवटचा पतंग डब्यात सोडला. "मी जुलैत विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "मला खरंच वाटलं होतं माझं काही चुकतंय. किती चित्रं फाडली मी." मग तिने बोर्ड उचलला आणि ती आपल्या गाडीने घरी गेली. सुचित्रा पार्किंग लॉटमध्ये तिची गाडी वळेपर्यंत उभी राहिली. माफी मागायला हवी हे तिला समजत होतं, आणि वीणा गाडी किती सफाईने वळवते हेही तिच्या डोळ्यांत खुपत होतं.

पुढच्या सोमवारी क्लाइनबाईंनी टसर म्हणून लावलेल्या पतंगांची सगळी रांग तिच्या टेबलावर आणून ठेवली. जातीला नाव मिळायला वेळ लागणार होता, त्यासाठी तज्ज्ञांकडे नमुने जाणार होते. तोवर चिठ्ठीवर एवढंच लिहायचं होतं: टसर नव्हे, बेटावरची निराळी जात. आणि ओळखणाऱ्याचं नाव.

"कुणाचं लिहू?" सुचित्राने विचारलं, जरी तिला माहीत होतं.

"पहिल्यांदा कुणी पाहिलं?" क्लाइनबाई म्हणाल्या. "आणि सुचित्रा, शाई वाळू दे नीट." उच्चार वाकडाच होता, पण पूर्ण होता. त्यांनी तो आजच का केला ते सुचित्राला कळलं नाही, आणि तिला तो आत्ता नको होता.

तिने दौत उघडली. खिडकीजवळच्या टेबलाशी वीणा पाठमोरी बसून काहीतरी रंगवत होती. सुचित्राने कागद भिंगाखाली घेतला आणि लिहिलं, वीणा खांबेटे, १९८५. हात थरथरला नाही. अक्षर असं उतरलं की तिचं तिलाच खरं वाटेना, सगळी अक्षरं सारखी, कुठे शाई जास्त नाही, कुठे कमी नाही. इतक्या वर्षांत तिचं स्वतःचं नाव तिला असं कधी लिहिता आलं नव्हतं. फाडून टाकून जरा वेडंवाकडं लिहावं, असं एकदा मनात आलंच.

फाडलं नाही. टाचणीवर आधीची चिठ्ठी होती, तिच्या नावाची, ती नियमाप्रमाणे तिथेच राहिली. तिच्याखाली तिने नवी चिठ्ठी चढवली, सरळ केली आणि पुढची लिहायला घेतली. शंभर वर्षांनी कुणीतरी हा खण ओढेल, वरची चिठ्ठी वाचून हसेल, खालची वाचून मान डोलवेल. हसायचं तर हसू दे. पण दोन्ही चिठ्ठ्या एकाच हाताच्या आहेत, आणि वीणा खांबेटेचं नाव इतकं देखणं दिसतंय ते सुचित्रा धकातेच्या अक्षरामुळे, एवढं त्याच्या लक्षात यावं, असं तिला फार फार वाटलं.